संहिता-संपादक : मांडणी व घडी

अक्षरे, अंक व चिन्हे यांची साधी मालिका संगणकावर लिहिणे, वाचणे व दुरुस्त करणे यांसाठी असलेल्या साधनास संहिता-संपादक किंवा टेक्स्ट एडिटर म्हणतात. आज्ञावली म्हणजेच प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे हे प्रमुख साधन होय. पत्रे वा पुस्तके जुळविण्याच्या साधनांत अक्षरांचा आकार, जाडी व रंग यांची माहिती मजकुराबरोबरच साठविली जाते. संहिता-संपादकात तसे होत नाही. फाइलीत केवळ चिन्हांची मालिका असते आणि पडद्यावर दिसणारे रंग, ठळक अक्षरे व घड्या ही संपादकाने आपल्या नियमांनुसार त्या मालिकेवर चढविलेली दर्शनी व्यवस्था असते. हे नियम वापरणाऱ्यास आपल्या कामानुसार बदलता येतात. तथापि मांडणीचे काही नियम केवळ दर्शनापुरते असतात, तर काही प्रत्यक्ष संहिताच बदलतात. हा भेद ध्यानात न घेतल्यास निर्दोष दिसणारी आज्ञावली सदोष ठरू शकते. आज्ञावलीने यंत्र चालत असेल, तर अशा दोषामुळे यंत्राची व तयार मालाची हानी होते.

इतिहास : लांबलचक मजकुराचा काही भाग मिटवून केवळ मथळे पाहण्याची सोय डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथील जाहीर प्रात्यक्षिकात दाखविली होती. ब्रिटनमधील इनमॉस कंपनीने १९८०–९० या दशकात ऑकम या भाषेसाठी तयार केलेला संपादक घडी याच कल्पनेवर आधारलेला होता. घडीचा आरंभ व शेवट दाखविण्यासाठी त्यात तीन-तीन महिरपी कंस वापरीत. संहितेतील घटक ओळखून त्यांना वेगवेगळे रंग देण्याची पद्धत माइक कोलिशॉ यांनी आयबीएममध्ये १९८५ साली लिहिलेल्या ‘लेक्स’ या संपादकात आढळते. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या संगणकीकरणात त्याचा उपयोग झाला. कोशातील नोंदीची व्युत्पत्ती, अर्थ व अवतरणे ही अंगे रंगावरून ओळखू येत. ब्राम मोलेनार (१९६१–२०२३) यांनी १९९१ साली प्रसृत केलेल्या ‘विम’ या संपादकात घडीची सोय २००१ साली आली. ‘नोटपॅड प्लस प्लस’ (२००३) व ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ (२०१५) यांसारख्या संपादकांमुळे या दोन्ही सोयी सर्वसामान्य वापरात आल्या.

मांडणी : दर्शनी मांडणीत मुख्यत्वे रंगभेद येतो. भाषेतील राखीव शब्द, संख्या, टीपा व अवतरणांतील मजकूर यांची ओळख पटविणारे नियम संपादकाजवळ असतात. त्यांचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात शब्दांच्या याद्या देतात. नोटपॅड प्लस प्लसमध्ये वापरणाऱ्याने ठरविलेल्या भाषेसाठी अशा आठ याद्या करता येतात आणि ठराविक अक्षराने सुरू होणारे सर्व शब्द एका यादीत घेण्याचीही सोय असते. दुसऱ्या प्रकारात चिन्हांच्या क्रमाचा आकृतिबंध सांगतात. उदा., ‘एक अक्षर, त्यानंतर एक किंवा अधिक अंक आणि त्यांच्यापुढे दशांशचिन्ह नाही’. विम व व्हिज्युअल स्टुडिओ कोड या संपादकांत असे आकृतिबंध देता येतात.

ओळीच्या आरंभी सोडलेली जागा, संहितेतच लिहिलेले ओळींचे क्रमांक व दोन शब्दांतील अंतर या बाबी मात्र दर्शनी नव्हेत. त्या फाइलीतील प्रत्यक्ष चिन्हे असतात. पायथॉन या भाषेत आरंभीच्या जागेवरूनच विधानांचा गट ठरतो. म्हणून ती जागा बदलल्यास अर्थ बदलतो. संपादकाने आपोआप केलेली ‘सुबक’ मांडणी अशा ठिकाणी घातक ठरू शकते.

घडी : ओळींचा एखादा गट मिटवून त्याच्या जागी एकच ओळ दाखविणे म्हणजे घडी घालणे होय. घडी कोठे घालावी हे ठरविण्याच्या सहा पद्धती विममध्ये आहेत : हाताने ओळी निवडून, आरंभीच्या जागेवरून, भाषेच्या रचनेवरून, खुणेच्या चिन्हांवरून, वापरणाऱ्याने लिहिलेल्या सूत्रावरून आणि दोन फाइलींतील समान भाग मिटवून. त्यांपैकी खुणेच्या पद्धतीत खुणा संहितेतच लिहाव्या लागतात व फाइलीबरोबर त्या सर्वत्र जातात. अन्य पद्धतींत फाइलीस स्पर्श होत नाही. कोणती घडी मिटलेली होती ही माहिती मूळ फाइलीत नसते. ती ठेवावयाची झाल्यास वेगळी साठवावी लागते.

कोल्हापूरच्या यंत्रशाळांतील उपयोग : कोल्हापूरचा यंत्रोद्योग ऑइल एंजिने, उसाचे चरक व त्यांचे सुटे भाग यांच्या दुरुस्तीतून व निर्मितीतून वाढला. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले येथील औद्योगिक क्षेत्रांत ओतशाळा व त्यांना पूरक यंत्रशाळा आहेत. ओतशाळेतून आलेल्या कास्टिंगला छिद्रे पाडणे, पृष्ठभाग सपाट करणे व व्यास कातणे ही कामे अंकीय नियंत्रणाच्या म्हणजे सीएनसी यंत्रांवर होतात. अंकीय नियंत्रणाने चालणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ साली झाले. अशा यंत्रांच्या आज्ञांचे स्वरूप आयएसओ ६९८३ या आंतरराष्ट्रीय मानकात (१९८२) निश्चित केले आहे. या आज्ञावल्या साध्या संहितेच्या स्वरूपात असल्याने त्या कोणत्याही संपादकात उघडता येतात.

प्रत्येक आज्ञा रोमन अक्षर व संख्या यांची बनलेली असते. येथे ती देवनागरीत दिली आहे. ‘जी ००’ म्हणजे शीघ्र गती, ‘जी ०१’ म्हणजे कर्तनाच्या वेगाने सरळ रेषेतील गती, ‘टी ०३ एम ०६’ म्हणजे तिसरे टूल बसविणे आणि ‘एम ३०’ म्हणजे आज्ञावलीचा शेवट होय. एक्स, वाय व झेड या अक्षरांपुढे स्थानांचे अंक येतात आणि टीपा गोल कंसांत लिहितात. एका कास्टिंगच्या आज्ञावलीत शेकडो ओळी असू शकतात. त्या एकसारख्या दिसत असल्याने चूक नजरेतून सहज निसटते.

यांतील सर्वांत धोक्याची चूक दशांशचिन्हाची होय. अनेक नियंत्रकांत मिलिमीटरमध्ये काम चालू असता दशांशचिन्ह नसलेली संख्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागात धरली जाते. ‘झेड १००.’ म्हणजे १०० मिमी.; परंतु ‘झेड १००’ म्हणजे केवळ ०·१ मिमी. छिद्र पाडल्यावर टूल १०० मिमी. वर उचलावयाचे असता बिंदू राहून गेला, तर ते पृष्ठभागापासून ०·१ मिमी. वर थांबते. पुढील ओळीत शीघ्र गतीने दुसऱ्या छिद्राकडे जाताना ते कास्टिंगच्या उंचवट्यावर किंवा ते पकडून ठेवणाऱ्या क्लँपवर आदळते. टूल मोडते, कास्टिंग वाया जाते आणि यंत्राच्या स्पिंडललाही इजा पोहोचू शकते. ज्या नियंत्रकांत दशांशचिन्हाशिवायची संख्याही मिलिमीटरमध्येच धरण्याची योजना केलेली असते, तेथे हा दोष उद्भवत नाही. मात्र एकाच यंत्रशाळेत दोन्ही प्रकारची यंत्रे असल्यास धोका अधिक असतो.

यावर रंगभेदाचा नियम उपयोगी पडतो. एक्स, वाय, झेड, आय, जे, के व आर या अक्षरांपुढील संख्येत दशांशचिन्ह नसल्यास ती लाल पार्श्वभूमीवर दाखवावी, असा आकृतिबंध संपादकास देता येतो. शून्य ही संख्या वगळावी, कारण तिच्यात चिन्हाच्या अभावाने फरक पडत नाही. नियम सरसकट सर्व अक्षरांना लावणे मात्र चुकीचे होईल. टूलचा क्रमांक व फेऱ्यांची संख्या पूर्णांकातच असतात. विराम देणाऱ्या ‘जी ०४’ या आज्ञेतील पी हे मूल्य अनेक नियंत्रकांत मिलिसेकंदांत असून त्यात दशांशचिन्ह चालत नाही. खोल छिद्राच्या ‘जी ८३’ या आवर्तनातील क्यू हे मूल्यही काही नियंत्रकांत बिंदूशिवायच द्यावे लागते. असे योग्य शब्दही लाल दिसू लागले, तर चालक लाल रंगाकडे दुर्लक्ष करू लागतो व नियमाचा हेतूच नाहीसा होतो. म्हणून सानुकूल नियम थोडे व नेमके असावेत.

टूल बदलण्याची आज्ञा हा घडीचा नैसर्गिक आरंभबिंदू होय. एका टूलचे काम एका घडीत घेतल्यास शेकडो ओळींची आज्ञावली टूलांच्या संख्येइतक्या ओळींत मावते. मिटलेल्या घडीच्या जागी कोणता मजकूर दिसावा हेही विममध्ये ठरविता येते. ‘टी ०३, एच ०३, ४२ ओळी’ असा सारांश योजल्यास टूलचा क्रमांक व त्याच्या लांबीच्या भरपाईचा एच क्रमांक शेजारी-शेजारी येतात. मूळ संहितेत हे दोन क्रमांक बहुधा वेगळ्या ओळींवर असतात. तिसऱ्या टूलला चुकून चौथ्याची लांबी दिली गेली असल्यास ते सारांशात तत्काळ दिसते. ‘व्हाइल’ व ‘एंड’ या शब्दांनी बांधलेली आवर्तने असलेल्या आज्ञावल्यांत त्या दोन शब्दांवरूनही घड्या घालता येतात.

संहिता बदलणारी मांडणी येथे विशेष जपून वापरावी लागते. लेथवरील ‘जी ७१’ या आज्ञेत पी १०० व क्यू २०० असे दिल्यास जॉबचा अंतिम आकार एन १०० ते एन २०० या ओळींत वर्णिला आहे, असा अर्थ होतो. संपादकाने ओळींना नवे क्रमांक दिले, परंतु पी व क्यू पूर्ववत राहिले, तर आज्ञा चुकीच्या ओळींकडे बोट दाखविते किंवा यंत्र थांबते. सुबकतेसाठी घातलेल्या रिकाम्या जागा व क्रमांक जुन्या नियंत्रकांत स्मृतीही व्यापतात. त्यांची स्मृती कागदी फितीच्या लांबीत सांगण्याची प्रथा होती. एका इंच फितीत १० चिन्हे बसत, त्यामुळे १ मी. म्हणजे सु. ३९४ चिन्हे व ८० मी. म्हणजे सु. ३१,५०० चिन्हे होतात. घडीच्या खुणांबाबतही हेच लागू पडते. महिरपी कंस अनेक नियंत्रकांना मान्य नसतात. म्हणून खूण गोल कंसांतील टीपेत, साध्या रोमन अक्षरांत द्यावी किंवा खूण न वापरता सूत्राने घडी घालावी. देवनागरीत लिहिलेल्या टीपा संपादकात नीट दिसल्या, तरी जुना नियंत्रक त्या वाचू शकत नाही. त्यामुळे मराठी सूचना वेगळ्या फाइलीत किंवा कामाच्या कागदावर ठेवणे सोयीचे असते.

मर्यादा : घडीमुळे ओळ दृष्टिआड होते, परंतु आज्ञावलीतून जात नाही. यंत्राला घडी माहीत नसते. ते प्रत्येक ओळ अमलात आणते. शोधून बदलण्याची क्रिया मिटलेल्या ओळींवरही होते. विममध्ये मिटलेल्या घडीवर ओळ पुसण्याची आज्ञा दिल्यास संपूर्ण गट पुसला जातो. म्हणून बदल पूर्ण झाल्यावर सर्व घड्या उघडून संहिता वाचणे, जुन्या व नव्या फाइलींची ओळवार तुलना करणे आणि यंत्रावर प्रथम एकेक ओळ, जॉबपासून सुरक्षित अंतर राखून चालवून पाहणे आवश्यक असते. रंगभेदाने आकृतिबंधात बसणारी चूकच दाखविता येते. ‘झेड १००.’ ऐवजी ‘झेड १०.’ लिहिले गेल्यास बिंदू जागेवर असल्याने संख्या लाल होत नाही. ती चूक नकाशा व जॉब जाणणाऱ्या सेटरलाच कळते.