गावचा डॉक्टर घडतो कुठे? (लेखांक 6)

मागच्या आठवड्यात बंधपत्राचा हिशेब मांडला होता. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर 10 लाख रुपये भरायचे, असा महाराष्ट्राचा नियम. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध बरेच बोलून झाले आहे. पण दोन्ही पक्ष एक गोष्ट धरूनच चालतात, की डॉक्टर तयार आहे, त्याला गावात कसे धाडायचे एवढाच काय तो प्रश्न. आज हे धरून चालणेच तपासायचे आहे. मला वाटते, मोठ्या रुग्णालयात शिकून बाहेर पडलेला डॉक्टर गावासाठी तयार झालेलाच नसतो. तो हुशार असतो, कष्टाळूही असतो. पण गावात आजार ज्या रूपात समोर येतो, ते रूप त्याने पाहिलेले नसते. त्यामुळे तो गावाला टाळतो यात त्याच्या सेवाभावाचा दोष थोडा आणि शिक्षणाच्या जागेचा दोष मोठा आहे. जागा बदलल्याशिवाय बंधपत्राची रक्कम दुप्पट केली तरी हाती फारसे लागणार नाही.

1961 साली केर व्हाइट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिका आणि इंग्लंडमधल्या पाहण्यांवरून एक साधा हिशेब मांडला. एक हजार प्रौढ माणसे घेतली, तर महिन्याभरात त्यांतल्या साधारण 750 जणांना काही ना काही दुखणे होते, 250 जण डॉक्टरकडे जातात, 9 जण रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो तो एक. 2001 मध्ये अमेरिकेत हाच हिशेब पुन्हा केला गेला, तेव्हाही चित्र फारसे बदललेले नव्हते. आकडे परदेशातले आहेत हे खरे. शिवाय कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, हे काही निव्वळ अवघड आजारांचे रुग्णालय नाही. शहरातल्या गरिबाला साध्या तापालाही तेच आहे. तरी शिकवणे कुठे होते ते पाहा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी काय किंवा कदमवाडीच्या खासगी महाविद्यालयाचा काय, त्याचे खरे शिक्षण वॉर्डात, दाखल रुग्णाच्या खाटेशी होते. परीक्षेला ‘केस’ म्हणून मिळतो तोही दाखल रुग्णच. म्हणजे हजारातल्या नऊ-दहा माणसांवर तो वैद्यक शिकतो आणि नोकरी लागल्यावर त्याच्यापुढे उरलेल्यांची रांग उभी राहते.

मण्यारीच्या दंशाचेच उदाहरण घेऊ. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो. अंगावर दाताची खूण सापडत नाही, सूज नाही, आग नाही. घरचे पित्त म्हणतात, ओव्याचे पाणी देतात. तासा-दोन तासांत पापण्या जड होतात, घोट गिळवत नाही, आणि मग श्वास अडखळतो. राधानगरी किंवा गगनबावडा तालुक्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असा माणूस सकाळी सात वाजता आला, तर निदान त्याच्या पापणीकडे बघून आणि रात्री कुठे झोपला होता हे विचारून करायचे असते. कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे आणि 20 मिनिटे न हलवता ठेवायचे. रक्त गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाचे विष असण्याची शक्यता मोठी. नीट गोठले आणि पापण्या मात्र झुकल्या आहेत, तर संशय मण्यारीवर किंवा नागावर. याला दुसरे यंत्र लागत नाही. प्रतिविष सुरू करायचे, श्वास थांबलाच तर हाताने दाबायच्या पिशवीने तो चालू ठेवत रुग्णवाहिकेतून पाठवायचे, एवढे केले की माणूस वाचू शकतो. तोच रुग्ण सीपीआरला पोहोचतो तेव्हा चिठ्ठीवर ‘सर्पदंश’ लिहिलेले असते आणि घशात नळी असते. विद्यार्थी व्हेंटिलेटर शिकतो. पहाटेची पोटदुखी त्याला कोणी दाखवत नाही.

दुसरे उदाहरण ऊसतोडीचे. हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून आलेल्या टोळ्या शिरोळ, हातकणंगले, कागलच्या फडांवर उतरतात. एका कोयत्यातली बाई पाच-सहा महिन्यांची गरोदर असते, तिची नोंद तिकडच्या उपकेंद्रात, बाळंतपण इकडच्या पालात किंवा परतीच्या वाटेवर. तिचे रक्त वाढवायचे तर गोळ्या लिहून देणे हा कामाचा सर्वात सोपा भाग. मुकादमाशी बोलून तिला तपासणीच्या दिवशी सुट्टी मिळवणे, आशाताईंकडून ती गोळ्या घेते की नाही हे पाहणे, परत जाताना तिच्या हातात कार्ड नीट भरून देणे हे सगळे डॉक्टरकीचेच काम आहे. एकाच माणसाकडे सातत्याने पाहणे आणि त्याच्या सगळ्या दुखण्यांची पहिली जबाबदारी घेणे यालाच जगभर कुटुंबवैद्यक म्हणून स्वतंत्र विषयाचा दर्जा आहे. आपल्याकडे पदव्युत्तर जागांच्या एकूण संख्येत या विषयाचा वाटा नगण्य आहे. या विषयाची वैद्यकीय महाविद्यालयातली एम.डी. पदवी केरळात कोझिकोडला गेल्या दशकाच्या आरंभी सुरू झाली, हीच मोठी बातमी होती.

डॉक्टर कमी आहेत म्हणून हे घडते, असे कोणी म्हणेल. केंद्र सरकारची 2021-22 ची ग्रामीण आरोग्याची आकडेवारी वेगळेच सांगते. एका प्राथमिक आरोग्य केंद्राला किमान एक डॉक्टर, या तोकड्या निकषावर देशभरातली तूट तीन टक्क्यांच्या आसपास होती. त्याच वेळी समुदाय आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, तज्ज्ञांची तूट सुमारे 80 टक्के होती. फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असे चार तज्ज्ञ तीस खाटांच्या प्रत्येक रुग्णालयात बसवण्याचे स्वप्न आपण कित्येक दशके पाहत आलो आणि ते कागदावरच राहिले. चार तज्ज्ञांपैकी एक आला तरी त्याचे अर्धे काम भूलतज्ज्ञावर अडते. मग चंदगडची बाळंतीण बेळगावला जाते, शाहूवाडीची कोल्हापूरला. इथे असा डॉक्टर हवा, की जो अवघड नसलेले बाळंतपण करील, भूल देईल, नवजात बाळाचा श्वास सुरू करील, मधुमेह-रक्तदाब वर्षानुवर्षे सांभाळील आणि कुठला रुग्ण आपल्या हाताबाहेरचा आहे हे वेळेत ओळखील. असा डॉक्टर चार तज्ज्ञांची बेरीज करून मिळत नाही. त्याला मुद्दाम तसे शिकवावे लागते.

हे आजच कोणाला सुचले असे नाही. 1946 च्या भोर समितीला ‘सामाजिक डॉक्टर’ हवा होता. पण त्याच समितीने परवानाधारक वैद्यांचा आखूड अभ्यासक्रम बंद करण्याची शिफारस केली आणि खेड्याला जो डॉक्टर मिळत होता त्याचा मार्ग बुजला. 1975 च्या श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षण गावाकडे वळवा असे सांगितले. पुढे 1977 मध्ये प्रत्येक महाविद्यालयाने तीन विकास गट दत्तक घ्यायची योजना आली. आता 2021-22 पासून प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घ्यायची आहेत आणि आंतरवासितेत 12 आठवडे जनवैद्यक विभागाकडे आहेत. या सर्वांत एक दोष सारखाच दिसतो. विद्यार्थी बसमधून गावात जातो, फॉर्म भरतो, फोटो काढतो आणि संध्याकाळी वसतिगृहात परततो. रुग्णाचा निर्णय त्याच्यावर पडत नाही आणि त्या निर्णयाचे पुढे काय झाले हेही त्याला दिसत नाही. शिवाय आंतरवासितेचे वर्ष पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकांत जाते, हे उघड गुपित आहे; त्याबद्दल मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, व्यवस्थेने बक्षीस जिकडे ठेवले तिकडेच ती धावतात.

जिथे वेगळे घडले तिथे काय केले गेले? सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये काढलेल्या महाविद्यालयात प्रवेशपरीक्षेत गांधीविचाराचा स्वतंत्र पेपर असे, विद्यार्थी पहिल्याच वर्षी गावात राहून शिबिर करत आणि तेच गाव पुढे सांभाळत, आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षांची ग्रामीण सेवा लागे. राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवरच सगळे प्रवेश सुरू झाल्यापासून ही मोकळीक उरली नाही. जपानात 1972 मध्ये स्थापन झालेल्या जिची विद्यापीठाने प्रत्येक प्रांतातून दोन-तीन विद्यार्थी घ्यायचे, फी माफ करायची आणि नऊ वर्षांची सेवा त्यांच्याच प्रांतात घ्यायची, असा बेत केला. बंधन तिथेही आहे; पण मुलगा त्या प्रांतातलाच, आणि जिथे जायचे ते ठिकाण त्याला पहिल्या दिवसापासून माहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या शिफारशींतही पहिल्या काही ओळींत हेच आहे: ग्रामीण भागातली मुले घ्या, त्यांना ग्रामीण भागात शिकवा. कोल्हापूरकरांना यात नवल वाटायचे कारण नाही. 1901 पासून वसतिगृहे आणि 1902 मध्ये नोकरीतल्या निम्म्या जागा राखीव, अशी जोडी शाहू महाराजांनी लावली. शिकायला राहण्याची सोय आणि शिकून झाल्यावर वाट पाहणारी जागा, दोन्ही एकदमच. कृष्णाबाई केळवकर यांना त्यांनी वैद्यकाच्या पुढच्या शिक्षणासाठी परदेशी पाठवले आणि त्या कोल्हापुरातच अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरच्या पूर्वावतारात, रुजू झाल्या.

आता आक्षेप. सर्वात जोराचा असा, की हा खेड्यासाठी दुय्यम डॉक्टर काढायचा उद्योग आहे; शहराला हृदयरोगतज्ज्ञ आणि गावाला ‘सगळे थोडे थोडे येणारा’. हा आक्षेप मी हलक्यावारी घेत नाही, कारण तशी भीती निराधार नाही. छत्तीसगडने 2001 मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि थोड्याच वर्षांत गुंडाळला. त्यातून निघालेले लोक प्राथमिक आरोग्य केंद्रात एमबीबीएस अधिकाऱ्यांच्या तोडीचे काम करतात, असे नंतरच्या अभ्यासात दिसले; तरी नाव, पदवी आणि बढती यांचा घोळ त्यांच्या पदरी कायमचा पडला. म्हणून मी आखूड अभ्यासक्रमाची बाजू घेत नाही. मागणी आहे ती एमबीबीएसनंतरच्या पूर्ण पदव्युत्तर शिक्षणाची, आणि तज्ज्ञाइतक्याच पगाराची. गावात शिकल्याने ज्ञान कमी पडते का, याचे उत्तर ऑस्ट्रेलियात मिळाले आहे. फ्लिंडर्स विद्यापीठाने 1997 पासून काही विद्यार्थ्यांना पूर्ण वर्षभर छोट्या गावांतल्या कुटुंबवैद्यांकडे ठेवले. मोठ्या रुग्णालयात राहिलेल्या वर्गमित्रांपेक्षा त्यांचे परीक्षेतले गुण सरस आले, हे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. आणि आपल्याकडचे बोलायचे तर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरचे संशोधन रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू केले. प्राझोसिन या गोळीचा उपयोग त्यांनी दाखवला, ‘लॅन्सेट’ने तो 1986 मध्ये छापला आणि कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू सुमारे 40 टक्क्यांवरून एका टक्क्याच्या घरात आले. विंचू चावलेली माणसे मुंबईच्या अध्यापन रुग्णालयात फार येत नव्हती, म्हणून तो शोध तिथे लागला नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: गावात शिकवणार कोण? खोल्यांना ओल, पाण्याची बोंब, मुलांच्या शाळेची पंचाईत. तिथे प्राध्यापक कसा राहील? क्वार्टर दुरुस्त झाल्याशिवाय काहीच होणार नाही, हे मान्यच आहे. पण प्राध्यापकाचा प्रश्न वाटतो तितका अडलेला नाही. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने 2020 मध्ये दोन वर्षांचे पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आणले, त्यांत कुटुंबवैद्यकही आहे आणि ते 100 खाटांच्या रुग्णालयात चालू शकतात. गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय 100 खाटांचे आहे. आजरा, चंदगड, भुदरगडचे रुग्ण तिथेच येतात. शिवाय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्ह्यातल्या रुग्णालयांत पाठवणारी योजना आहेच, म्हणजे सीपीआरमधला भूलशास्त्राचा निवासी डॉक्टर गडहिंग्लजला शिकवायला आणि शिकायलाही जाऊ शकतो. आणि जिल्ह्याच्या गावोगावी चाळीस-चाळीस वर्षे दवाखाना चालवलेले अनुभवी डॉक्टर आहेत. त्यांना मानधन आणि मानद अध्यापकाचे पद द्यायला कोणता कायदा आडवा येतो?

आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे डॉक्टर गावात आहेतच, मग हा खटाटोप कशाला, असेही विचारतात. ते आहेत म्हणून गावाचे चालले आहे, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. उपकेंद्रांवरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांत सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेले बी.ए.एम.एस. डॉक्टरच मोठ्या संख्येने आहेत. मात्र त्यांच्या पाठीशी फोनवर उत्तर देणारा, पाठवलेला रुग्ण स्वीकारून परत कळवणारा वरिष्ठ डॉक्टर तालुक्याला नसेल, तर त्यांच्या हातात चिठ्ठी लिहून कोल्हापूरला पाठवणे एवढेच उरते.

तेव्हा आमदार, जिल्हा परिषद सदस्य, जिल्हा नियोजन समितीचे सभासद यांच्याशी ज्यांचे बोलणे होते अशा वाचकांना एक विनंती आहे. आपल्या तालुक्याला नवे रुग्णालय मागण्याआधी गडहिंग्लजला कुटुंबवैद्यकाच्या पदविकेच्या जागा, त्या विद्यार्थ्यांसाठी राहण्याच्या खोल्या आणि एक अध्यापन कक्ष मागा. पुढच्या लेखांकात या डॉक्टरांच्या पगाराचा आणि बढतीचा हिशेब पाहू.