मालिशचे ‘लायसन’ : पैसे मोजण्याआधी

कैनाडहून रोज डहाणूला येऊन सलूनमध्ये काम करणारा एक तरुण कारागीर मध्यंतरी आम्हाला भेटला. हात चांगला, गिऱ्हाईक खूष. बोर्डीच्या किनाऱ्याकडील हॉटेलांत मालिशवाल्याला मागणी असते, असे त्याच्या कानावर आले होते. कुणीतरी तीन दिवसांचे शिबिर भरवून त्याला ‘सरकारमान्य मसाज थेरपिस्ट लायसन’ दिले आणि अठरा हजार रुपये घेतले. कागद चकचकीत, वर सोनेरी शिक्का. हॉटेलच्या मॅनेजरने तो पाहिला आणि परत केला. पैसे चुलत्याकडून उसने आणलेले होते.

अशी विचारणा आमच्याकडे पुन्हा पुन्हा होते, म्हणून हा विषय घेतला. डहाणू तालुक्यात १९९१ च्या पर्यावरण अधिसूचनेने कारखान्यांवर निर्बंध आहेत. तेव्हा तरुणांनी सेवेच्या धंद्याकडे वळावे हे ओघाने आलेच. पण वाट नीट माहीत हवी.

पहिली गोष्ट अशी की, मालिश करणाऱ्या व्यक्तीला परवाना देणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्या देशात नाही. डॉक्टरांची नोंदणी करणारी परिषद असते, तशी मालिशवाल्यांची परिषद महाराष्ट्रातही नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत असा परवाना लागतो, परीक्षा द्यावी लागते. त्याच गोष्टीचे नाव घेऊन इकडे दुकाने चालतात. जे कार्यालयच नाही त्याचे लायसन कोण देणार?

मिळते ते प्रमाणपत्र, आणि त्याला किंमत आहे. केंद्राच्या कौशल्य विकास व्यवस्थेत ‘ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल’ आहे. तिच्या अभ्यासक्रमांत स्पा थेरपिस्टचे काम येते. आयटीआयच्या व्यवसायांतही एक वर्षाचा स्पा थेरपीचा अभ्यासक्रम आहे, मात्र तो प्रत्येक आयटीआयत चालत नाही. प्रवेशाआधी जवळच्या आयटीआयत स्वतः जाऊन विचारावे. एजंटाची गरज नाही. शिकवणारी संस्था खाजगी असेल तर एकच प्रश्न करावा : परीक्षा कोण घेणार आणि प्रमाणपत्रावर कोणाची सही असणार? ‘आम्हीच’ असे उत्तर आले की उठून यावे.

नाभिक कारागिरांसाठी आणखी एक दार आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत न्हाव्याचा व्यवसाय आहे. मालिशचा वेगळा उल्लेख नाही; पण चंपी करणारा बहुधा सलूनमध्येच असतो. योजनेत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने, अशी तरतूद आहे. लाभ कुटुंबात एकालाच. नोंदणी सामायिक सेवा केंद्रावर, पडताळणी ग्रामपंचायतीकडून. चुलत्याच्या उसन्या पैशांपेक्षा ही चौकशी आधी करायला हवी होती, असे आम्ही त्या तरुणाला म्हटलेही.

स्वतःचे दुकान काढायचे असेल तर कागद व्यक्तीचा नव्हे, जागेचा लागतो. दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा राज्य कायदा आहे. थोड्या माणसांच्या दुकानाला त्याखाली ऑनलाइन सूचना देणे पुरते. उद्यम नोंदणी मोफत आहे. तिचे पैसे मागणारा लुबाडतो आहे.

आता खरी जोखीम. मालिश ही सेवा आहे, उपचार नव्हे. पाटीवर ‘लकवा, संधिवात हमखास बरा’ असे लिहिले की १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याचा भंग होतो. नोंदणीशिवाय वैद्यकी केली तर १९६१ चा महाराष्ट्राचा कायदा तुरुंग दाखवतो. फिजिओथेरपिस्ट म्हणवून घ्यायला पदवी आणि नोंदणी लागते. आपल्याकडे हिजामाची मागणी वाढली आहे. युनानी वैद्यकात ‘दलक’, म्हणजे मर्दन, आणि हिजामा दोन्ही इलाज-बित-तदबीरमध्ये येतात हे खरे. परंतु कातडीला चीर देऊन रक्त काढणे ही मालिश नाही. ते नोंदणीकृत हकीमाचेच काम.

कोणाला हात लावू नये हे तीन दिवसांत कोणी शिकवत नाही. ताप असलेला, हाड मोडल्याचा संशय असलेला, उघडी जखम असलेला माणूस परत पाठवावा. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर ती मुळीच चोळू नये; आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि माणूस दगावतो. गिऱ्हाईक ‘जोरात दाब’ म्हणाले तरी नाही म्हणावे. आमच्या मते नाही म्हणता येणे हाच या कामातला अर्धा हुनर.

या हुनरात इज्जत नाही असे मानणाऱ्यांना पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेले शेख दीन मुहंमद ठाऊक नसावेत. इंग्लंडात ब्रायटन येथे १८१४ च्या सुमारास त्यांनी मालिशचे स्नानगृह काढले आणि पुढे दोन राजांचे ते मालिश करणारे झाले. इंग्रजीतला ‘शॅम्पू’ हा शब्दही आपल्या चंपीच्याच घराण्यातला.

फसलेल्यांनी पावती, जाहिरात आणि फोनवरचे संदेश जपून ठेवावेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे. दाद जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागता येते. कैनाडच्या तरुणाकडे पावती नव्हती, पण शिबिराचे पत्रक आणि पैसे पाठवल्याची नोंद मोबाइलमध्ये निघाली. तेवढ्यावर तक्रार लिहायला तो बसला आहे.