प्रो टूल्सचे शॉर्टकट : हात बसतो तो कामाच्या क्रमाने

ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक कामे माऊसने मेनू उघडून करता येतात. पण गायलेला आवाज साफ करताना कापणे, सरकवणे, फेड देणे याच क्रिया पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. दर वेळी नजर वेव्हफॉर्मवरून मेनूकडे वळली, की ऐकण्यातले लक्षही उडते. शॉर्टकट शिकायचे ते मुख्यतः यासाठी. वेळ वाचतो तो ओघाने. डिजिडिझाइन कंपनीने 1991 मध्ये आणलेले आणि आज एव्हिडकडे असलेले प्रो टूल्स मुंबईतल्या गाण्यांच्या व डबिंगच्या स्टुडिओंत रुळलेले आहे. त्यातले शॉर्टकट संख्येने बरेच असले, तरी त्यांच्या मांडणीला एक रीत आहे.

सुरुवात जोडकळांपासून करावी. मॅकवर कमांड जे काम करते ते विंडोजवर कंट्रोल करते आणि ऑप्शनचे काम ऑल्टकडे असते. ऑप्शनचा ढोबळ अर्थ ‘सगळ्यांना लागू’ असा आहे. ऑप्शन धरून एका ट्रॅकचे म्यूट दाबले, तर सगळे ट्रॅक म्यूट होतात; सोबत शिफ्टही धरली, तर फक्त निवडलेले. हा एक नियम कळला, की कितीतरी शॉर्टकट वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

त्यानंतर वाजवणे आणि रेकॉर्ड करणे. स्पेसबारने गाणे सुरू होते आणि थांबते. उजवीकडचे आकड्यांचे पॅड ट्रान्सपोर्ट मोडवर ठेवले असेल, तर 3 ने रेकॉर्डिंग, 4 ने लूप आणि 7 ने क्लिक (लयीची टिकटिक) चालू-बंद होते. बऱ्याच लॅपटॉपना हे पॅड नसते. तिथे रेकॉर्डसाठी कमांड आणि स्पेसबार एकत्र दाबतात. मॅकवर मात्र याच जोडीने स्पॉटलाइटचा शोध उघडतो. म्हणून सिस्टिमच्या सेटिंगमध्ये स्पॉटलाइटची कळ आधीच बदलून ठेवावी, नाहीतर गायक तयार असताना पडद्यावर शोधपट्टी येते. मिक्स आणि एडिट या दोन खिडक्यांमध्ये ये-जा करायला कमांड आणि बरोबरचे चिन्ह पुरते.

खरी मेख एडिट खिडकीतल्या ‘ए-झेड’ अशा छोट्या बटणात आहे. ते चालू असले, की एकेक अक्षरच शॉर्टकट होते. ‘ए’ने क्लिपच्या आरंभापासून कर्सरपर्यंतचा भाग निघतो आणि ‘एस’ने कर्सरपासून शेवटपर्यंतचा. ‘डी’ फेड-इन देते, ‘जी’ फेड-आउट आणि मधली ‘एफ’ निवडलेल्या जोडावर क्रॉसफेड. ‘बी’ क्लिपचे दोन तुकडे करते; ‘आर’ने दृश्य लांब जाते, ‘टी’ने जवळ येते. कीबोर्डवर डावी कळ आरंभाची आणि उजवी शेवटाची, हे एकदा ध्यानात आले की ‘ए’-‘एस’ आणि ‘डी’-‘जी’ या जोड्यांत गोंधळ होत नाही. या सगळ्या कळा डाव्या हाताखाली येतात आणि उजवा हात माऊसवरच राहतो.

गाण्याच्या एका ओळीवर हे असे चालते. ओळीआधी गायकाचा श्वास आहे आणि नंतर हेडफोनमधून माइकमध्ये शिरलेली क्लिकची टिकटिक. शब्दाच्या किंचित आधी क्लिक करून करंगळीने ‘ए’ दाबले, की श्वास जातो. जरा आत क्लिक करून ‘डी’ दिले, की आरंभ मऊ होतो. मग ओळीच्या शेवटी क्लिक करून ‘एस’ आणि त्याच्या थोडे अलीकडे क्लिक करून ‘जी’. आता ओळीच्या आधी कर्सर ठेवून स्पेसबार दाबायचा आणि ऐकायचे. ओळ ‘स’, ‘श’ किंवा ‘ह’ने सुरू होत असेल, तर तो वर्ण वेव्हफॉर्मवर श्वासासारखाच बारीक दिसतो आणि चुकून कापला जातो. अशा जागी कापण्याआधी ‘टी’ने जवळ जाऊन ऐकून खात्री करावी. चूक झालीच तर ‘झेड’ने मागे येता येते. मूळ फाइलमधला आवाज तसाच राहत असल्याने क्लिपची कड ओढून कापलेला भाग परतही आणता येतो.

तक्ता घेऊन सगळे शॉर्टकट एकदम घोकण्यापेक्षा असे एकेक काम धरून तेवढ्याच कळांवर हात बसवणे सोयीचे. सरावासाठी जुन्या सेशनची प्रत घ्यावी आणि सुरुवातीला सावकाश चालावे. मेनूत आदेशाच्या शेजारी शॉर्टकट छापलेला असतो. तो वाचून मेनू बंद करावा आणि तेच काम कळ दाबून करावे. अक्षर दाबूनही काहीच होत नसेल, तर ‘ए-झेड’ बटण चालू आहे का आणि कीबोर्ड मराठीवर तर राहिला नाही ना, हे आधी पाहावे.

सॉफ्टवेअर बदलले, की हीच सवय आडवी येते. क्लिपचे दोन तुकडे करायला रीपरमध्ये ‘एस’, लॉजिकमध्ये कमांड-‘टी’, तर एबलटन लाइव्हमध्ये कमांड-‘ई’ आहे. रीपरवर हात बसलेल्या माणसाने प्रो टूल्समध्ये सवयीने ‘एस’ दाबले, तर क्लिप दुभंगत नाही. तिचा पुढचा भाग जातो. रीपर, लॉजिक आणि क्युबेस यांत कळा आपल्या मर्जीने बदलता येतात. तरी नवशिक्याने मूळ मांडणीच आधी शिकावी. दुसऱ्याच्या स्टुडिओत कामाला बसल्यावर समोरच्या संगणकावर बहुधा तीच असते.