बिअरच्या केगपासून मॅश टन कसा बनतो?

अमेरिकेत घरी बिअर बनवणारे लोक स्टीलचा जुना केग कापून मॅश टन करतात, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवायचं भांडं. तिथल्या मोठ्या केगमध्ये १५.५ गॅलन, म्हणजे सुमारे ५९ लिटर मावतं.

मी पहिली पायरी सांगेन ती कापायची नाही, आतला दाब पूर्ण सोडायची. दाब असताना व्हॉल्व्ह काढला, तर तो उडून जीवही जाऊ शकतो. मग ग्राइंडरने वरचा भाग गोल कापतात, खाली नळ आणि तळाशी जाळी बसवतात. टरफलं जाळीवर अडकतात, गोड रस नळातून येतो. ६५ ते ६८ अंश सेल्सिअसला तासभर ठेवलं, की एन्झाइम स्टार्चची साखर करतात.

आणि हो, केग विकतचाच हवा. डिपॉझिट भरलं म्हणून तो आपला होत नाही!