काळ्या मातीतलं लोखंड

‘तांबड्या मातीत लोह असतं’ हे शाळेत शिकलो, आणि काळीत ते नसतं हे आपलं आपणच ठरवून टाकलं. खरं तर रत्नागिरीची तांबडी आणि सोलापूरची काळी, दोघींची आई एकच: साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. त्यात लोहाची ऑक्साइडं दहा टक्क्यांहून जास्त. कोकणातल्या धो धो पावसानं चुना आणि सिलिका धुऊन नेली, मागे राहिलेलं लोह गंजून हेमॅटाइट आणि गोएथाइट झालं. एक लाल, दुसरं पिवळसर तपकिरी. जांभा तो हाच. सोलापुरात पाऊस बेताचा, त्यामुळे चुना जागेवरच राहिला आणि बरंचसं लोह चिकणमातीच्या कणांच्या आतच अडकलं. तिथं ते डोळ्यांना दिसत नाही, इतकंच.

मग काळा रंग कुठून आला? टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटमुळे, असं उत्तर स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत अजून छापलं जातं. पण टायटॅनियम पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बाकीचं वाहून गेलं तरी ते मागे राहतं, म्हणून जांभ्यात त्याचं प्रमाण मूळ खडकापेक्षा बहुधा वाढतं. त्यानं माती काळी होत असती, तर कोकण सोलापूरहून काळं दिसायला हवं होतं! काळेपणा येतो तो चिकणमातीला घट्ट बिलगलेल्या ह्युमसमुळे. त्याचं प्रमाण बऱ्याचदा एक टक्काही नसतं. पटत नसेल तर कुंभाराची भट्टी बघा. काळसर गाळाचं मडकं भाजलं की ह्युमस जळून जातो, लपलेलं लोह बाहेर येतं आणि मडकं लाल होतं.

शेतकऱ्याला नडणारा गैरसमज मात्र वेगळा. उसावर केवडा पडला, पानं पिवळी झाली, की ‘जमिनीत लोह कमी’ असं निदान होतं. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असतं, पण सामू आठच्या वर गेला की ते विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. लिंबाच्या बुंध्याशी गंजके खिळे पुरणाऱ्यांना हे कोण सांगणार? नुसती हिराकस टाकली तरी तीही लवकरच तशीच अडकते. म्हणून ती शेणखतात मुरवून देतात किंवा पानांवर फवारतात.

आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू म्हणजे निव्वळ लोहचूर, हेही खरं नाही. त्यात इल्मेनाइट असतं, लोह आणि टायटॅनियमचं खनिज. साधं लोहचुंबक मॅग्नेटाइट चटकन उचलतं, इल्मेनाइट त्याला सहसा दाद देत नाही. भिंतीच्या पांढऱ्या रंगातला पांढरेपणा जगभर मुख्यतः याच काळ्या खनिजापासून काढतात.