समोरच्या मुलांसाठी लिहिणारे गुरुजी

रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या गोरेगावजवळ वडघर नावाचे गाव आहे. साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक तिथे आहे आणि मुलांची, तरुणांची शिबिरे तिथे भरतात. दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या असंख्य गाड्या याच तालुक्यातून पुढे जातात. त्यांतल्या फार थोड्या वडघरकडे वळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. सावित्री नदी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा लागतो. तिथे दापोली तालुक्यातल्या पालगडला 24 डिसेंबर 1899 रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. त्यामुळे त्यांचे स्मारक नदीच्या अलीकडच्या तीरावर असले, तरी ते घरच्याच मातीत आहे.

गुरुजींविषयी आपण एक समजूत घट्ट धरून बसलो आहोत. ते फार हळवे होते, डोळे भरून यायचे आणि त्या भरात लेखणी वाहायची, अशी ती समजूत. हळवेपणा खरा होता. पण एवढ्यावर थांबले की या माणसाची लेखनाची शिस्त नजरेआड होते. 1930 नंतर त्यांना नोकरी नव्हती, ठरलेला पगार नव्हता, स्वतःचे घर नव्हते. लिहायला एक कायमचे टेबलसुद्धा नव्हते. तरीही त्यांनी मुलांसाठी इतके लिहिले की त्याचा पसारा पाहून आजही थक्क व्हायला होते. हे कसे जमले, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे.

त्याचे उत्तर अमळनेरला सापडते. 1924 मध्ये गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे छात्रालय सांभाळू लागले. मुलांची अंथरुणे आवरणे, कपडे धुणे या त्यांच्या कामांच्या आठवणी सर्वांनी ऐकलेल्या असतात. लेखक म्हणून मला जास्त मोलाचे वाटते ते त्यांचे हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’. रात्री स्वतःच्या हाताने लिहायचे आणि सकाळी मुलांना वाचायला ठेवायचे. बातम्या, थोरांची चरित्रे, गोष्टी आणि मुलांच्या वागण्यावर प्रेमाने लिहिलेले चार शब्द, सगळे त्यात असे. छपाई नाही, संपादक नाही, मोबदला नाही. मात्र वाचणारा मुलगा पलीकडच्याच खोलीत. मजकूर कुठे कंटाळवाणा झाला, हे सकाळी त्याच्या चेहऱ्यावरच दिसत असणार. रोज असे लिहिणाऱ्याची वाक्ये आपोआप छोटी होतात, अवघड शब्द गळून पडतात आणि लिहिण्याचा वेग वाढतो. माझ्या मते गुरुजींची सगळी शैली या छात्रालयात घडली.

1930 मध्ये त्यांनी शाळा सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. पुढची अनेक पुस्तके तुरुंगात लिहिली गेली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतल्या सत्याग्रहींचा सहवास मिळाला आणि तमिळमधल्या ‘कुरल’ची ओढ लागली, त्याचे मराठी रूपांतर त्यांनी केले. सर्व भारतीय भाषांनी एकमेकींना समजून घ्यावे, हे आंतरभारतीचे स्वप्नही याच अनुभवातून उमलले. 1932 मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते भराभर उतरवून घेत. विनोबा आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. म्हणजे रायगडच्या एका सुपुत्राची वाणी पालगडच्या लेखणीने टिपली आणि ‘गीताप्रवचने’ मराठीला मिळाली. दुसऱ्याचे बोलणे त्याच्या लयीसकट कागदावर आणण्याचा हा सराव गुरुजींना लगेच पुढच्या वर्षी उपयोगी पडला असावा.

कारण ‘श्यामची आई’ हे पुस्तकही बोलण्याच्याच बांधणीचे आहे. नाशिकच्या तुरुंगात 9 फेब्रुवारी 1933 च्या गुरुवारी त्यांनी ते लिहायला घेतले आणि 13 तारखेच्या सोमवारपर्यंत त्याचा मोठा भाग लिहून झाला. दिवसा तुरुंगातले काम असे. लेखन रात्री आणि पहाटे. पाच दिवसांची ही हकिकत चमत्कार म्हणून सांगितली जाते. मला त्यामागे छात्रालयातल्या कितीतरी रात्री दिसतात. पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, एकूण 42. आश्रमातली प्रार्थना झाली की श्याम मित्रांना आईची आठवण सांगतो. प्रत्येक रात्र एका बैठकीत ऐकून होईल एवढीच आहे आणि बहुतेक रात्री घरातल्या एखाद्या साध्या घटनेभोवती उभ्या आहेत. अंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून आई पदर पसरते. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती मारून विहिरीवर पाठवते. पत्रावळ लावता येत नाही म्हणून त्याला बोलणी बसतात. कोकणातल्या गरीब घरातली ही कामे मुलांना डोळ्यांसमोर दिसतात. उपदेश येतो तो त्या कामाच्या मागून येतो. पुस्तक 1935 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरच्या आचार्य अत्र्यांच्या 1953 च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

या यशाने एक नुकसानही केले. गुरुजींची बाकीची मुलांची पुस्तके त्याच्या सावलीत गेली. ‘गोड गोष्टीं’च्या दहा भागांत त्यांनी जगभरचे साहित्य मराठी मुलांच्या हाती दिले. जॉर्ज इलियटच्या ‘सायलस मार्नर’चा मनूबाबा झाला, व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’वरून ‘दुःखी’ आले, इराणातले सोराब आणि रुस्तुम आले. दिवसभर सभा, दौरे आणि चळवळ, आणि मधल्या वेळात वाचलेले लगेच मुलांना सांगण्याची धडपड, असा हा कारखाना अखंड चालू होता. मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावणारे गुरुजी आणि मुलांना गोष्टी सांगणारे गुरुजी वेगळे काढता येत नाहीत. 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी मांडलेला माणुसकीचा प्रश्न गुरुजींच्या कथांतून मुलांपर्यंतही पोहोचत राहिला.

15 ऑगस्ट 1948 रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. आयुष्याच्या शेवटच्या काळातली ‘सुंदर पत्रे’ त्यातलीच. पुतणी सुधा हिला लिहिलेल्या या पत्रांत फुले, पाखरे, समुद्र, गावोगावची माणसे आणि जगाच्या घडामोडी शेजारी शेजारी नांदतात. लहान मुलीला राजकारण कळणार नाही, असे ते गृहीत धरत नाहीत. फक्त तिला कळेल असे लिहितात. मला ही पत्रे त्यांच्या लेखनातला सर्वांत मोकळा आणि प्रसन्न भाग वाटतात. आरंभी छात्रालयातली मुले होती, अखेरीला सुधा होती. लिहिताना समोर एखादे नाव-गाव असलेले मूल हवे, ही त्यांची सवय शेवटपर्यंत सुटली नाही. 11 जून 1950 रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःची जीवनयात्रा संपवली.

त्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला उभी केली आणि गोष्ट सांगण्याची परंपरा शाळाशाळांतून चालवली. वडघरचे स्मारक गुरुजींच्या विचारांचे काम पुढे नेत आहे. पालकांना माझी एकच विनंती आहे. या सुट्टीत मुलांना घेऊन किनाऱ्यावर निघालात, तर वडघरला जरूर थांबा. आणि ‘श्यामची आई’ वाचून झाली असेल, तर आता ‘सुंदर पत्रे’ आणि ‘मनूबाबा’ घरी आणा व रोज रात्री थोडेथोडे मोठ्याने वाचून दाखवा.