रद्दीत देण्यापूर्वी

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे धुंडाळली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांचा कागदपत्रांचा ठेवा जपण्यासाठी १९२७ मध्ये येथेच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले.

बँकेत असताना मुदत संपलेल्या नोंदवह्या नष्ट करण्याच्या आदेशांवर मी सह्या करीत असे. निवृत्तीनंतर घर आवरताना तोच नियम आजोबांच्या रोजकीर्द-खतावण्यांना लावला आणि त्या रद्दीत गेल्या. कापसाचा भाव, दुष्काळातील उधारी, शाळेला दिलेली देणगी हा सारा खानदेशच्या सामाजिक इतिहासाचा पुरावा होता. तो आपण किलोच्या भावाने विकला, हे मंडळातील जुने कागद पाहताना उमगले.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या वहीची पूजा करतो. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत जुनी वहीही उघडून पाहावी. तिला नाव, गाव, साल लिहिलेली चिठ्ठी जोडावी. घरी जपणे शक्य नसेल तर अशा संस्थेकडे विचारणा करावी. राजवाडे ज्यासाठी मैलोन्मैल चालले, ते कदाचित आपल्याच माळ्यावर असेल.